सात बेदाणे

लहानपणी मी बेदाणा मोजून खाल्लाय. दिवसाला सात. साल १९७०, मला दहावं लागलेलं. मुदतीचा ताप येऊन गेला होता आणि अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पोरीला मनुका-बेदाणे द्या. दादांनी तासगावच्या सोमवारच्या बाजारातून कागदाची एक पुडी आणली. मूठभर असेल. आईनं ती डब्यात घातली, डबा उंच फळीवर ठेवला, आणि रोज रात्री वाटीत सात बेदाणे भिजत घालायची. सकाळी ते फुगून टम्म व्हायचे. मी एकेक खायची आणि वाटीतलं पाणी पिऊन टाकायची. धाकटा भाऊ समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायचा. एक दिवस मी त्याला एक दिला. आईनं बघितलं आणि दोघांनाही चांगलं झोडपलं. मग चुलीपुढं बसून स्वतःच रडली.

तेव्हा आमच्या घरात बेदाणा हे औषध होतं. खायची वस्तू नव्हती. श्रीमंताच्या लग्नात केशरी भातात दिसायचा, सत्यनारायणाच्या शिऱ्यात ज्याच्या वाट्याला यायचा तो आपल्याला आला म्हणून दुसऱ्याला दाखवायचा. रामनवमीच्या सुंठवड्यात खारकेची पूड असायची, बेदाणा नाही. आज्जी म्हणायची, "ही द्राक्षं काबूल-कंदाहारकडची गं. तिकडं वाळवत्यात आन् इकडं आणत्यात." आज्जीनं काबूल पाहिलं नव्हतं, पण बोलली ते खरं होतं. अफगाणिस्तानात मातीच्या भिंतींना भोकं ठेवून खोल्या बांधतात, त्यात द्राक्षाचे घड टांगून वाऱ्यावर सुकवतात. त्याला किशमिशखाना म्हणतात. उन्हात न घालता सावलीत सुकवलं म्हणून तो माल हिरवा राहतो. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा हसू आलं, कारण तोवर आमच्या माळावर तसल्याच वाऱ्यावर आम्ही तेच करत होतो.

बेदाणा हा शब्दही तिकडचाच. फारसीत 'बे' म्हणजे नसलेला. दाणा नसलेला तो बेदाणा. आपल्याकडं बी असलेल्याला मनुका म्हणतात आणि बिनबियाच्याला बेदाणा. शहरातल्या दुकानात दोन्हीला किसमिस म्हणून मोकळे होतात.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला गेलो. तिथं सुकडी मिळायची. ती गोड लागायची म्हणून पोरं कामावर यायला रडत नव्हती. पुढं नव्या पद्धतीची दहावी सुरू झाली, तिची दुसरी तुकडी आमची. १९७६ ला मी पास झाले. गावातल्या पोरींत मी एकटी. पुढं शिकायचं होतं, पण १९७९ ला लग्न झालं आणि मी तासगाव तालुक्यातल्याच एका गावी नांदायला आले. सासरी शाळू, भुईमूग आणि थोडी मिरची होती. विहिरीला माघानंतर पाणी राहत नसे.

द्राक्ष आमच्या भागात ज्यांनी रुजवलं ती माणसं आमच्यासारखीच शेतकरी होती. आमच्या तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत एक वेगळी वेल हेरली आणि वाढवली. तिच्यातून 'तास-ए-गणेश' ही जात आली. तास म्हणजे तासगाव आणि गणेश म्हणजे तासगावचा गणपती. तिकडं सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी अशीच निवड करून 'सोनाका' दिली. विद्यापीठातून आलेल्या जाती वेगळ्या, ह्या बांधावर उभं राहून निवडलेल्या. मूळ जात मात्र थॉमसन सीडलेस. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदारानं ती वाढवली म्हणून त्याचं नाव पडलं. आमच्या आत्याबाई तिला शेवटपर्यंत 'तामसण' म्हणत. मला आधी वाटायचं, कुणी बाई आलीय घरात राहायला.

आमच्या मालकांनी १९८३ ला एक एकर बाग लावली. मामंजींचा विरोध होता. "वेल पोसायची म्हंजे दुसरी सून आणायची," असं ते म्हणायचे. आणि ते चुकले नव्हते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, मध्ये विरळणी, डिपिंग, फवारणी. वेलीनं आमचं वर्ष स्वतःच्या ताब्यात घेतलं. माहेरी जायचं ते छाटणी बघून, लग्नाची तारीख धरायची ती छाटणी बघून. माझी धाकटी लेक फळ छाटणीच्या तिसऱ्या दिवशी जन्मली, आणि तिचे वडील हाताला पेस्ट लागलेली तशीच तिला बघायला आले.

पहिली दोन-तीन वर्षं द्राक्ष मुंबईला गेलं. मग एका वर्षी बाजार असा पडला की भाडंही निघेना. गाडी परत आणायची की तिथंच ओतायची, असा प्रश्न. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "वाळवा की. बोरं वाळवतो, सांडगं वाळवतो, तामसणीनं काय घोडं मारलंय?" आम्ही माडीवर जुन्या साड्या अंथरल्या आणि द्राक्षं उन्हात टाकली. महिना लागला. निम्मी माश्यांनी नेली, उरली ती काळपट, चामड्यासारखी. घरात खाल्ली, पाव्हण्यांना दिली. पण त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा बेदाणा न मोजता खाल्ला. मूठ भरून तोंडात टाकला आणि आईची आठवण आली.

खरी रीत पुढं शेजारच्या गावातून शिकलो. ती ऑस्ट्रेलियातून आलेली. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो पाण्याला आत अडवून धरतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल पाण्यात कालवायचं, त्यात घडांचे क्रेट दोन-चार मिनिटं बुडवायचे. मेण सैल होतं आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग शेडमध्ये जाळीवर पसरायचे. एकावर एक दहा-बारा मजले जाळीचे, वर पत्रा, बाजूनं हिरवी शेडनेट. ऊन थेट लागत नाही, वारा आरपार जातो. महिन्याचं काम पंधरा दिवसांवर येतं. मग घडाच्या काड्या मोडायच्या, माल वाऱ्यावर धरायचा, गंधकाची धुरी द्यायची, बायकांनी बसून निवडायचा आणि १५ किलोच्या बॉक्समध्ये भरायचा. चार किलो द्राक्ष वाळवलं की एक किलो बेदाणा होतो. तिथून तो शीतगृहात जातो, शीतगृहातून सौद्याला.

मिरजेहून पंढरपूरला जाताना नागज, जुनोनीच्या माळावर तुम्हाला रस्त्याच्या दोन्ही अंगाला ह्या शेड दिसतील. लोक विचारतात, इथं कुसळ उगवत नाही, इथं काय करतात? कुसळ उगवत नाही म्हणूनच करतात. फेब्रुवारी ते एप्रिल तिथं कोरडा, तापलेला वारा असतो, धूळ कमी आणि दव जवळजवळ नाही. ज्या माळाला आमच्या आज्यांनी शिव्या दिल्या, त्याच माळानं आम्हाला बेदाणा दिला. २०१६ ला सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावात पेढे वाटले. त्या दिवशी मला त्या सात बेदाण्यांची पुडी आठवली.

आता स्वयंपाकघराकडं येते, कारण बेदाणा पिकवणाऱ्या पुरुषांनी त्याच्यावर भाषणं केली, पण तो शिजवला आम्ही बायकांनी. आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं आम्ही घरात एक नंबरचा माल कधी ठेवला नाही. हिरवा, लांब, एकसारखा असेल तो बॉक्समध्ये. काळा पडलेला, चिरलेला, बारका असेल तो डब्यात. तरी त्याच्यातून आम्ही शिकलो.

पहिली गोष्ट, बेदाणा धुवावा. धुरी दिलेली असते आणि धूळही असते. कोमट पाण्यातून दोनदा काढला आणि फडक्यावर पसरला की झालं. शिऱ्यात घालायचा तर रव्याबरोबर भाजू नये, जळून कडू होतो. वेगळ्या पळीत तूप घेऊन मंद आचेवर फुगेपर्यंत परतावा आणि शिरा वाफेवर आल्यावर वरून सोडावा. खिरीचं माझं मी चुकून शिकले. नव्या नवलाईत पाव्हण्यांसाठी शेवयांची खीर केली आणि उकळत्या दुधातच दोन मुठी बेदाणे टाकले. दूध फाटलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पातेल्यात बघितलं. त्याच्या अंगात आंबटपणा असतो, गोडाखाली तो दिसत नाही, एवढंच. तेव्हापासून खीर खाली उतरवून जरा निवली की मगच बेदाणा.

गल्लीच्या टोकाला मुल्लाणी कुटुंब आहे. रमजान ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा आमच्याकडं येतो. त्यातली खारीक अशी बारीक उभी चिरलेली असते की सुईत ओवावी. त्या घरातल्या भाभी खारीक आदल्या रात्री दुधात भिजवतात आणि बेदाणा तुपात परतून शेवटी टाकतात. म्हणजे आम्ही दोघी एकाच धड्यातून शिकलो, शाळा वेगळ्या. आमचा बेदाणा त्यांच्याकडं जातो आणि शीरखुर्म्यातून परत येतो.

भाजायचं म्हणाल तर आमच्या घरात भट्टी कुठली? पण दिवाळीला आम्ही बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यातून घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचो. तिथं आपल्या मालाची नानकटाई भाजून मिळते. पहाटेपासून रांग. प्रत्येकीच्या पत्र्यावर चिठ्ठी, आणि तरी भांडण ठरलेलं, "माझं तूप जास्त होतं, ही नानकटाई माझी न्हाईच." आम्ही प्रत्येक नानकटाईवर मधोमध एक बेदाणा लावायचो. पहिल्या वर्षी ते सगळे जळून कोळसा झाले. भट्टीवाल्या चाचांनी सांगितलं, "बाई, वर ठेवू नका, बोटानं आत दाबा. पिठानं अंग झाकलं की जळत न्हाई." तेव्हापासून आमची नानकटाई ओळखू येऊ लागली, आणि चिठ्ठीची गरज उरली नाही.

मिरजेत माझी एक लांबची मैत्रीण दवाखान्यात नर्स होती. मिरजेत मिशनचा दवाखाना जुना, ख्रिस्ती वस्तीही जुनी. ती नाताळाला केक करायची. महिनाभर आधी बेदाणे, मनुका, खारीक, संत्र्याची साल असं सगळं रसात भिजत घालायची. तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. भिजवलेला बेदाणा पिठात टाकायच्या आधी कोरड्या मैद्यात घोळवायचा, म्हणजे तो तळाला बसत नाही. आणि दुसरी, "केकला मला तुमचा हिरवा बेदाणा नको गं. काळाच दे. चव काळ्याला असते." मी तेव्हा हसले होते. पुढं ह्याच वाक्यानं आम्हाला हात दिला.

सौद्याचं सांगते. एकदा मी मालकांबरोबर सौद्याला गेले. नेहमी पुरुषच जातात, पण त्या वर्षी त्यांची कंबर धरलेली होती म्हणून सोबतीला गेले. बॉक्स उघडून मांडले होते. व्यापारी येतात, मूठ भरून बेदाणा उचलतात, हातावर बघतात, दोन तोंडात टाकतात आणि उरलेले खाली सोडतात. मग पुढचा येतो, पुन्हा मूठ. सौदा संपला तेव्हा जमिनीवर बेदाण्याचा सडा पडलेला आणि माणसं चपला घालून त्याच्यावरून चाललेली. मी खाली बसून वेचायला लागले. मालक म्हणाले, "उठ गं, लोक बघत्यात." मी उठले. पण डोळ्यांपुढं आईची वाटी होती, आणि भावाला दिलेल्या एका बेदाण्यापायी खाल्लेला मार. शेतकऱ्यांनी ह्या उधळणीवर पुष्कळ आवाज उठवला. तो उठवायलाच हवा होता. ते नुकसान किलोत मोजता येतं, पण मला लागलं ते वेगळंच होतं.

आणि मग २०१४ चं साल. फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली. आमच्याकडं गारा थोड्या आणि पाऊस जास्त. माल नुकताच जाळीवर टाकलेला. आम्ही ताडपत्र्या बांधल्या, तशी आत हवा कोंडली. सोडल्या, तसा पाऊस आत आला. चार दिवस आभाळ उघडलं नाही. पाचव्या दिवशी जाळीवर हात फिरवला तर तो चिकटला. हिरवा बेदाणा तांबूस झाला, तांबडा काळा झाला, खालच्या दोन मजल्यांना बुरशी आली. सोसायटीचं कर्ज होतं, औषध दुकानाची उधारी होती, शेडचं भाडं आणि मजुरी वेगळी. व्यापाऱ्यानं माल बघितला आणि जो दर सांगितला, त्यात निवडणीची मजुरीसुद्धा निघाली नसती.

आमचे मालक बोलायचे थांबले. जेवताना भाकरी कुस्करायचे आणि तशीच ठेवायचे. संध्याकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. ते तिथं बसले की मी उगाच बादली घेऊन पाण्याला जायची. घरात नळ होता. त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं की त्यांना कळतंय. कुणी काही बोललं नाही. पेपरात रोज तसल्या बातम्या येत होत्या.

आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या. त्यांना दिसायचं कमी. त्यांनी मूठभर काळा बेदाणा हातात घेतला, चाचपला, एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "काळं झालं म्हणून इख झालं व्हय? बुरशीचं टाका. बाकीचं ग्वाड हाय." मग लेकाकडं तोंड करून म्हणाल्या, "आन् तू हितं बस. इहिरीला कान न्हाईत तुझं ऐकाय."

मला मिरजेच्या मैत्रिणीचं वाक्य आठवलं. फोन केला. ती म्हणाली, "पाच किलो आण, आणि आणखी चौघींचं मी बघते." आम्ही बचत गटाच्या नऊ बायका बसलो. बुरशीचा सगळा माल उकिरड्यावर टाकला, त्यात हात आखडला नाही. लोकांच्या पोटात जायची वस्तू होती. राहिलेला धुतला, पुन्हा वाळवला, हातानं निवडला, पाव किलोच्या पिशव्या भरल्या. काही बेकरीच्या चाचांनी घेतला. "बिस्किटात काळं-हिरवं कोण बघतंय," असं म्हणाले आणि रोख पैसे दिले. काही मिरजेत गेला. काहीचे आम्ही खारीक, डिंक, खोबरं घालून लाडू वळले. बाळंतिणीच्या घरी ते आपोआप खपले.

ह्यानं कर्ज फिटलं असं मी लिहिणार नाही. फिटलं नाही. सोसायटीचं पुढं ढकललं, माझ्या पाटल्या गेल्या, निम्मी बाग दोन वर्षांनी काढावी लागली. पण निवडणाऱ्या बायकांची मजुरी आम्ही त्याच महिन्यात दिली, शेडचं भाडं दिलं. आणि एका संध्याकाळी मालक पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायला आमच्यात येऊन बसले. बोट भाजलं तशी एक शिवी हासडली. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. त्या रात्री त्यांनी दीड भाकरी खाल्ली. मी मोजली.

आत्याबाई पुढच्या वर्षी गेल्या. तेराव्याला मी शिरा केला आणि त्यात पहिल्यांदा बॉक्समधला एक नंबरचा बेदाणा घातला. हिरवा, लांब, एकसारखा. जाऊ म्हणाली, "हा विकायचा हाय." मी म्हटलं, "असू दे. तामसणीला आयुष्यभर पोसलंय त्यांनी." तेव्हापासून पहिला बॉक्स घरात राहतो. मग दर कितीही असो.

आता एकच एकर बाग उरली आहे. मुलगा म्हणतो, काढू या, ऊस लावू, औषधांचा खर्च झेपत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. पाऊस कधी पडेल त्याचा भरवसा राहिला नाही, ऑक्टोबरची छाटणी कधी घ्यावी हेही कुणी छातीठोक सांगत नाही. मी त्याला म्हटलंय, आणखी एक वर्ष बघू. असं मी गेली तीन वर्षं म्हणते आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की माझा जीव भांड्यात पडतो, कारण छाटलेली बाग कुणी लगेच काढत नाही.

दिवाळीला पुण्याहून नात आली होती. मी तिला शिरा दिला. ती बेदाणे बोटानं बाजूला काढून ताटाच्या कडेला लावत होती. म्हणाली, "आज्जी, मला हे चावायला आवडत नाहीत." मी रागावले नाही. लेकरानं औषध म्हणून मोजून खाण्यापेक्षा नको म्हणून बाजूला काढलेलं बरं. ती खेळायला गेली, मग मी ताट जवळ ओढलं. कडेला नऊ होते. मी खाल्ले, आणि ताट घासायला टाकलं.